दुष्काळ, दया आणि दलित

१

मराठी साहित्यात दुष्काळ पुष्कळ वेळा आला आहे. दुष्काळी कामावरचे मस्टर मात्र फारसे आलेले नाही. भेगाळलेली भुई, आभाळाकडे लागलेले डोळे, चाऱ्यावाचून खंगलेला बैल आणि त्याला बाजाराला नेताना दाव्याला हात घालून रडणारा कुणबी, ही चित्रे आपल्या वाचकाला तोंडपाठ आहेत. ती खोटी आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण या चित्रांत एक माणूस दिसत नाही. ज्याच्याजवळ भेगाळायला स्वतःची भुई नव्हती, विकायला बैल नव्हता आणि पाऊस पडला तरी ज्याची भाकरी दुसऱ्याच्या बांधावरूनच येत होती, तो माणूस दुष्काळाच्या वर्णनात गर्दी म्हणून येतो, माणूस म्हणून येत नाही.

साहित्यातली ही गैरहजेरी आणि सरकारी कागदातली गैरहजेरी यांचा परस्परसंबंध आहे, असे मला वाटते. म्हणून आपत्ती आली की केंद्र सरकारने आपद्ग्रस्तांना मदत द्यावी की ते राज्याचे काम समजावे, हा जो वाद दर दुष्काळात मुंबई आणि दिल्ली यांच्यात रंगतो, तो मी केवळ तिजोरीचा वाद मानत नाही. तो आपल्या चळवळीचा आणि आपल्या साहित्याचाही प्रश्न आहे. मदत कोण देतो यापेक्षा मदत कोणाला आणि कोणत्या नात्याने दिली जाते, हे आधी पाहिले पाहिजे. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मी या विवेचनासाठी घेतो. ते माझ्या माहितीचे आहेत हे एक कारण. दुसरे कारण असे की दुष्काळ आणि ऊस एकाच शिवारात नांदताना पाहायचे असतील तर याहून चांगली जागा मिळणे कठीण.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. दुष्काळाच्या सरकारी भाषेत तगाई आहे, महसुलात सूट आहे, पीकनुकसानीची भरपाई आहे आणि सानुग्रह अनुदान आहे. तगाई म्हणजे जमिनीच्या तारणावर दिलेले कर्ज. सूट मिळते ती शेतसाऱ्यात. भरपाई मिळते ती पेरलेल्या क्षेत्राची. या तिन्ही शब्दांच्या पोटात सातबाऱ्याचा उतारा आहे. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही त्याच्यासाठी उरतो तो चौथा शब्द, सानुग्रह. अनुग्रह हा देवाचा असतो, गुरूचा असतो, राजाचा असतो. ज्यावर हक्क सांगता येत नाही, जे देणाऱ्याच्या प्रसन्नतेवर अवलंबून असते, त्याला अनुग्रह म्हणतात. लोकशाही राज्याने नागरिकाला देण्याच्या रकमेसाठी हा शब्द निवडावा आणि त्यात कोणाला काही खटकू नये, यात आपली समाजव्यवस्था बोलते आहे. जमीनवाल्याची भरपाई होते, भूमिहीनावर अनुग्रह होतो.

हा फरक आजचा नाही. १८७५ सालच्या मे महिन्यात आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. त्या दंग्याची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. गहाणखते, व्याज, जप्ती यांचा त्यात विचार होता आणि तो आवश्यकही होता. पण ज्याच्याजवळ गहाण टाकायलाच काही नव्हते, ज्याने स्वतःचे वर्षच कोणाकडे सालाने गहाण टाकले होते, त्याचे दुःख या साहाय्याच्या मध्यभागी कधी आले नाही.

त्या दंग्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८७६ साली, पाऊस गेला. पुणे जिल्ह्यात भीमथडी आणि इंदापूर या पूर्वेकडच्या तालुक्यांना त्याची मोठी झळ लागली. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन दिल्लीत राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरवीत होता आणि त्याच महिन्यात त्याचा प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे या हिशेबावर खाली आणीत होता. खर्च वाचला पाहिजे आणि खरा गरजू तेवढाच कामावर आला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. हजारो मजुरांनी ती कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे लिहून मांडली. या प्रसंगाला दुष्काळी मजुरांचा संप म्हटले गेले. उपाशी माणूस सुद्धा दया नाकारू शकतो, मजुरीचा दर मान्य नाही असे म्हणू शकतो, हा त्या संपाचा अर्थ आहे. आपल्या नकाराच्या परंपरेत तो जमा करायला हवा.

पुढे दुष्काळ आयोग बसला, १८८० साली त्याचा अहवाल झाला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाली. उपासमारीने माणूस मरू नये ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, एवढे त्या परकीय सरकारने कागदावर मान्य केले. पण सोबत कसोटी लावली. काम कष्टाचे हवे आणि मजुरी पोटापुरतीच. माणूस खरोखर उपाशी आहे की नाही याचा पुरावा त्याने स्वतःच्या हाडांनी द्यायचा, असा तो व्यवहार होता.

याच काळात आपल्या बाजूने काय लिहिले गेले तेही पाहावे. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतिरावांना पत्र पाठवले. त्यात दुष्काळाचे वर्णन आहे, पण ते तेवढ्यावर थांबत नाही. त्या सावकारांच्या लुटीविषयी लिहितात, अन्नासाठी झटणाऱ्या सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या अटकेविषयी लिहितात आणि आपण स्वतः कलेक्टरशी काय बोललो तेही लिहितात. दुष्काळ हा निसर्गाचा कोप म्हणून सोडून न देता तो सत्तेला विचारायचा प्रश्न आहे, ही जाणीव त्या पत्रात आहे. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. भुकेल्याची जात न विचारता त्याला जेवू घालणे हा त्या आश्रमाचा कार्यक्रम होता. आणि सरकारने काय करावयास हवे हे त्याने कृतीने दाखवून दिले.

३

आता साहित्याकडे येतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली आणि अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली. दोन्ही कादंबऱ्यांत दुष्काळ आहे. 'बनगरवाडी'त तो शेवटी येतो. मेंढरे जातात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. लेखकाचे सामर्थ्य वादातीत आहे. धनगरांचे जगणे इतक्या संयमाने त्याआधी मराठीत आले नव्हते. पण वाचून झाल्यावर मनावर उरते ती हुरहूर. दुष्काळ तेथे ऋतूसारखा येतो. तो आला याचा जाब कोणाला विचारावा असे वाचकाला वाटत नाही.

'फकिरा'त उपासमार वेगळ्या रीतीने उभी राहते. मांगवाडा उपाशी आहे आणि धान्य कोठारात आहे. फकिरा धान्य लुटतो, वाटतो आणि पुढे सरकारी खजिन्यालाही हात घालतो. अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. प्रस्थापित समीक्षेने तिला रोमहर्षक म्हटले, भडक म्हटले, वीरकथा म्हटले. माझ्या मते त्या भडकपणाच्या आत एक अत्यंत सरळ राज्यशास्त्रीय प्रश्न आहे. प्रजा उपाशी मरत असताना खजिना कोणाचा? माडगूळकरांच्या दुष्काळाला साक्षीदार आहे, अण्णा भाऊंच्या दुष्काळाला आरोपी आहे. पहिल्याने करुणा जागते, दुसऱ्याने हक्काची भाषा सुरू होते. दोहोंपैकी एक कलाकृती खोटी ठरवण्याची गरज नाही. परंतु आपत्ती आणि राज्यसंस्था यांच्या नात्याचा विचार मराठी कादंबरीत शोधायचा असेल तर तो 'फकिरा'त सापडतो, हे समीक्षेने सांगायला हवे होते. तिने ते सांगितले नाही.

४

१९७२ हे वर्ष आपल्या इतिहासात दोन कारणांनी आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. आणि त्या वर्षी दलित पँथर जन्माला आली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. ही दोन प्रकरणे आपण वेगवेगळ्या वह्यांत लिहितो. अर्थतज्ज्ञ दुष्काळाविषयी लिहितात, आपण पँथरविषयी लिहितो. इंदापूर तालुक्यातल्या बावडा या गावात मात्र ही दोन्ही प्रकरणे एकमेकांना भेटतात.

१९७० पासून पाऊस दगा देत होता. अशा दिवसांत १९७२ साली बावड्याच्या दलित वस्तीवर गावाने बहिष्कार टाकला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली तीही त्याच वर्षी. या दोन घटनांनी मुंबईतले तरुण लेखक-कवी पेटून उठले आणि पँथरच्या जन्मकथेत ही दोन गावांची नावे कायमची लिहिली गेली. बहिष्कार म्हणजे काय हे शहरी वाचकाला पुन्हा सांगावे लागते. काम नाही, दुकानात माल नाही, दळण नाही, वाट नाही, पाणी नाही. म्हणजे दुष्काळात जे जे होते ते सर्व. फरक एवढाच की हा दुष्काळ आभाळातून येत नाही, चावडीवरून येतो.

मग प्रश्न असा की आपत्ती म्हणायचे कशाला? पाऊस न पडल्याने ज्याचे काम गेले तो आपद्ग्रस्त, आणि गावाने ठरवले म्हणून ज्याचे काम गेले तो कोण? १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली होती. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा अमलात यायला २०१७ साल उजाडले. सत्तर वर्षे हा दुष्काळ सरकारदप्तरी जाहीरच झाला नव्हता.

दुसरी बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९७२-७३ च्या दुष्काळी कामांनी लाखो माणसे वाचवली. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडी. माझी आई त्या कामांवर होती. तिच्या पिढीच्या बायका मिलोच्या लाल भाकरीला नावे ठेवीत, सुकडीला हसत, पण मस्टरविषयी बोलताना त्यांचा आवाज बदले. गावात त्यांना कोणाची तरी बायको, कोणाची तरी सून म्हणून हाक मारली जाई, नाहीतर जातीने. मस्टरवर त्यांचे स्वतःचे नाव होते. मजुरी रोख होती. ती कोणाच्या ओट्यासमोर पदर पसरून घेतलेली नव्हती; खोदलेल्या मातीचे माप घेऊन मिळालेली होती. आणि शेजारी तीच खडी फोडायला पाटलाच्या भावकीतली बाईही बसली होती. दुष्काळाने ज्यांना एका रांगेत बसवले त्यांना गावाने कधी एका रांगेत बसवले नव्हते.

परंतु त्या रांगेतही पाण्याची घागर वेगळी होती. आमच्या भागातल्या एका कामावर आमच्या बायकांना ओंजळ करावी लागे आणि दुसरे कोणी वरून पाणी सोडी. महाडच्या तळ्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. बाबा आढाव यांची 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ याच दुष्काळाच्या काळात उभी राहिली, हा योगायोग नव्हे. मजुरी सरकार ठरवीत होते म्हणून ती सारखी होती. पाणी गाव वाटत होते म्हणून ते वेगळे होते. माझ्या सगळ्या विवेचनाचा गाभा या दोन वाक्यांत आहे.

५

येथून मी केंद्राच्या प्रश्नाकडे येतो. घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या तिन्ही याद्यांत आपत्ती अशी स्वतंत्र नोंद नाही. म्हणून मदत हे राज्याचे काम आणि केंद्राने फक्त हातभार लावायचा, अशी समजूत रूढ झाली. वित्त आयोगांनी त्या हातभाराचे प्रमाण ठरवले. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार १९९० पासून आपत्ती निवारण निधी आला. त्यात केंद्राचे पंचाहत्तर टक्के आणि राज्याचे पंचवीस. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. संसदेने तो समवर्ती यादीतल्या सामाजिक सुरक्षा, रोजगार आणि बेकारी या नोंदीच्या आधारे केला, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. म्हणजे आपत्तीतली मदत ही दानधर्माच्या खात्यावर नसून सामाजिक सुरक्षेच्या आणि रोजगाराच्या खात्यावर आहे, असे कायद्याचे मूळच सांगते. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'स्वराज अभियान' या खटल्यात दुष्काळ ही या कायद्याखालची आपत्तीच आहे, असे म्हटले आणि राज्यांबरोबर केंद्रालाही जबाबदारी झटकता येणार नाही, हे स्पष्ट केले.

तत्त्व ठरले. व्यवहार काय आहे? राज्य निवेदन पाठवते, दिल्लीहून पाहणी पथक येते, गाड्या बांधावर थांबतात, वाळलेले कणीस हातात घेऊन पाहिले जाते. पथकाला कणीस दाखवणारा मनुष्य नेहमी जमीनवाला असतो, कारण दाखवण्याजोगे काही त्याच्याचकडे असते. गेलेली मजुरी हातात घेऊन दाखवता येत नाही. पूर्वी पैसेवारी पाहत, ती पिकाची. अलीकडे पर्जन्यमान, मातीतला ओलावा, उपग्रहाची चित्रे हे निकष आले, तेही जमिनीचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. दुष्काळ जाहीर झाला तो तालुक्यात. पण शेतीच्या नुकसानीची मदत मोजली जाते ती हेक्टरावर, जिरायतीला एक दर, बागायतीला त्याहून अधिक, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. उपजीविका बुडालेल्या कुटुंबाला रोजाप्रमाणे काही द्यावे असे कलमही केंद्राच्या नियमांत आहे. पण हेक्टर मोजायला तलाठी आहे, बुडालेले रोज मोजायला कोणी नाही. चारा छावणीचेही तेच. छावणीत जनावर न्यायचे तर आधी दावणीला जनावर असावे लागते.

जमिनीच्या मापाने माणूस मोजण्याची ही रीत किती खोल गेली आहे याचा पुरावा मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले, बावन्न गावे नव्या जागी बसवली. घरे देताना भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे आणि त्याहून मोठ्या जमीनदाराला साडेसातशे चौरस फूट, असा हिशेब लावला गेला. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती. ती उभी करताना विषमता मात्र मोजून मापून, फुटाफुटाने परत बांधली गेली.

बारामती-इंदापूरच्या बागायतीचा इतिहासही या दृष्टीने वाचावा. नीरेच्या डाव्या कालव्याचे काम १८७६ च्या दुष्काळात निघाले. भाटघरचे पाणी १८८० च्या दशकात त्यातून वाहू लागले. त्या पाण्यावर मळे झाले, ऊस आला, वालचंदनगर उभे राहिले, सहकारी कारखाने उभे राहिले. दुष्काळी मजुराने उपाशीपोटी खोदलेल्या पाटाच्या पाण्यावर एक संपन्न वर्ग तयार झाला. पाणी जमिनीला मिळाले, खोदणाऱ्याला मिळाले नाही, कारण त्याच्याकडे जमीन नव्हती. बारामतीचा जिरायती भाग आजही टँकरची वाट पाहतो आणि त्या भागातला भूमिहीन दोनदा वाट पाहतो, एकदा टँकरची आणि एकदा टँकर आपल्या वस्तीकडे वळण्याची. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मागणी पडीक जमिनीची होती. ती मागणी पुरी झाली असती तर आज हेक्टरी मदतीत आपलाही हेक्टर असता.

६

केंद्राने मदत देऊ नये, असे म्हणणाऱ्यांचे तीन आक्षेप आहेत. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप विकेंद्रीकरणवाद्यांचा. गावाची गरज गावाला कळते, दिल्लीला काय कळणार? याला उत्तर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत दिले आहे. खेड्याचे जे स्तोत्र गायिले जाते ते त्यांनी नाकारले आणि संकुचितपणा व जातीयता यांची वस्ती तेथेच असल्याचे सांगितले. १९४७ च्या निवेदनातही अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा भार त्यांनी संघराज्यावर टाकला होता. स्थानिक बहुसंख्येच्या मर्जीवर तो ठेवला नव्हता. कारण स्थानिक बहुसंख्या ही राजकीय मतांची नसून जातीची असते. गावाची गरज गावाला कळते हे खरे. पण गाव म्हणजे कोण, हे बावड्याने दाखवून दिले आहे. २००१ च्या गुजरात भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना मदतीत डावलल्याच्या तक्रारी पुराव्यानिशी पुढे आल्या. आपत्ती जात पाहत नाही, वाटणारा पाहतो.

याचा अर्थ दिल्ली म्हणजे न्याय, असा भाबडा समज मी बाळगत नाही. दिल्लीतही तेच वर्ग आहेत. पण अंतराचा एक फायदा असतो. जो आपल्या घागरीला ओळखत नाही तो घागर वेगळी ठेवण्याची तसदी घेत नाही. मस्टरवर नाव लिहिणारा कारकून आणि पाणी ओतणारा शेजारी यांतला फरक तो हाच.

दुसरा आक्षेप असा की मदतीने माणूस ऐतखाऊ होतो. हा आक्षेप साखर कारखान्याच्या कर्जाला सरकारने हमी दिली की कोणी घेत नाही. तो मजुराच्या मजुरीलाच घेतला जातो. १९७२ च्या मजुराने फुकट मागितले नाही, काम मागितले. त्या मागणीच्या रेट्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्यात लिहिणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. केंद्राने २००५ साली देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता. दुष्काळी मजुराच्या खडी फोडण्यातून देशाला एक हक्क मिळाला. याला ऐतखाऊपणा म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९२७ पासून बाबासाहेब आपल्याला सांगत आले की शिळे तुकडे मागू नका, मेलेली ढोरे ओढू नका, बलुत्याच्या भाकरीवर जगू नका. मग आता सरकारच्या दारात मदतीसाठी उभे राहणे म्हणजे नवे बलुते नव्हे काय? स्वाभिमानी तरुण हा प्रश्न विचारतो आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे आहे की बलुते आणि हक्क यांतला फरक देण्याच्या रीतीत असतो. बलुते घेणाऱ्याचे काम ठरलेले, पण मोबदला देणाऱ्याच्या हातात. त्याविरुद्ध दाद कोठेही नाही. हक्काला दर असतो, मुदत असते, नाकारल्यास दाद मागण्याची जागा असते. जी मदत आमदाराच्या हस्ते वाटली जाते, जिच्या पोत्यावर पुढाऱ्याचा फोटो असतो, जिच्या यादीत आपले नाव यावे म्हणून सरपंचाच्या ओट्याखाली बसावे लागते, ते बलुतेच आहे; मग पैसा दिल्लीचा असो की मुंबईचा. ते नाकारावे. जी मदत कायद्याने मोजून मिळते ती घेण्यात लाचारी नाही. मीठ, काडेपेटी, कापड, बसचे तिकीट या प्रत्येकातून जो कर मजुराने वर्षानुवर्षे भरला त्यातलाच तो वाटा आहे.

७

म्हणून माझे मत असे की आपत्तीत मदत देण्याची जबाबदारी केंद्राचीच मानली पाहिजे. अंमल राज्याने करावा, पण हक्क संघराज्याने द्यावा. आणि केंद्राने फक्त पैसा पाठवून मोकळे होऊ नये, पैशाला अटी लावाव्यात. मदतीचे माप हेक्टर नसावे, माणूस असावा. बुडालेल्या रोजाची नोंद बुडालेल्या पिकाइतकीच सक्तीची असावी. लाभार्थ्यांची यादी चावडीवर नव्हे, प्रत्येक वस्तीवर वाचली जावी. ज्या गावात बहिष्कार चालू आहे तेथील बहिष्कृत कुटुंबे आपद्ग्रस्त समजली जावीत. आणि दुष्काळी कामांतून जे पाणी निर्माण होईल त्यात ते काम करणाऱ्या भूमिहीनाचा वाटा कायद्याने धरला जावा. यांतली शेवटची मागणी सर्वांत जास्त झोंबेल. बारामती-इंदापूरच्या कालव्याकडे पाहिले म्हणजे ती का झोंबेल हे कळते.

हे काम एकट्या कार्यकर्त्याचे नाही. कायद्याची भाषा बदलायची असेल तर दुष्काळाची साहित्यिक भाषा आधी बदलावी लागेल. आपल्या आत्मकथनांनी भुकेचे जे चित्र उभे केले ते मराठीत अपूर्व आहे. परंतु ती भूक बहुधा घरातली, वस्तीतली आणि बलुत्याची आहे. पन्नास लाख माणसे ज्या कामांवर उन्हात बसली त्या कामांची कादंबरी आपल्याकडे नाही. मुकादम, कारकून, मापाची पट्टी, आठवडाभर रखडलेली मजुरी, झोळीत बांधलेले मूल, वेगळी घागर आणि शेजारी बसून खडी फोडणारी मराठ्याची सून, हे सगळे ज्यांनी पाहिले त्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. इंदापूर, बारामती, दौंड, माळशिरस या तालुक्यांत शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि शिकणाऱ्या मुलांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे. कोणत्या कामावर होतात, मजुरी किती दिवसांनी मिळाली, पाणी कोणी दिले, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे.

ती उत्तरे जमा झाली म्हणजे पाहणी पथकाच्या हातात वाळलेल्या कणसाबरोबर आणखी एक कागद देता येईल. त्या कागदावर जमिनीचा गट नंबर नसेल. माणसांची नावे असतील.